मजकूर बिनचूक, लखोटा नामंजूर

म्युनिक,
दि. ११ डिसेंबर २०११

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

साताऱ्याच्या स्टुडिओतून करवून आपण धाडलेली ताईच्या १९८९ सालच्या लग्नाच्या चित्रफितीची प्रत सुखरूप पोचली व आम्ही ती अथपासून इतिपर्यंत पाहिली. परंतु ती पाहावयास मिळण्यापूर्वी आमच्या घरातील दोन यंत्रांमध्ये जो सरकारी थाटाचा व्यवहार घडला, त्याची हकिकत महसूल खात्यात हयात घालवलेल्या आपणांस कळवल्यावाचून राहवत नाही.

प्रत उतरवून घेतली तो संगणक मागच्या खोलीत; मोठा टीव्ही बैठकीत; आणि टीव्हीला जोडलेले जे काळे यंत्र, ते आपल्या नातवाचे प्लेस्टेशन ३, ज्यावर तो एरवी मोटारी पळवतो व आपटतो. या यंत्राच्या अंगी २००७ पासून असाही एक गुण आला आहे, की घरातल्या संगणकावरील चित्रपट मागवून घेऊन ते पडद्यावर दाखवते. पेनड्राइव्हवर घालून हातानेच का नेले नाही, असे आपण विचाराल. नेले असते, पण हे यंत्र फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेलीच पेनड्राइव्ह वाचते, त्या पद्धतीत एका फाइलीस चार जीबीपलीकडे वाढण्याची मुभा नाही, आणि ताईचे लग्न सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सहा जीबी भरले. लग्न मध्येच तोडून दोन तुकड्यांत न्यावे, ही माझी सूचना सौ.ला अशुभ वाटली.

तेव्हा रीतसर मार्ग पत्करला. सोनी, इंटेल आदी कंपन्यांनी २००३ साली एक मंडळ स्थापून घरातल्या यंत्रांनी परस्परांशी कसे वागावे याचे जे नियम केले, त्यांस डीएलएनए म्हणतात. त्यांबरहुकूम प्लेस्टेशन जागे झाले की प्रथम घरभर दवंडी पिटते : चित्रांचे दप्तर सांभाळणारा येथे कोणी आहे काय? ही दवंडी २३९.२५५.२५५.२५० या ठरीव पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या दारावर पिटावी लागते (आवकजावक क्रमांकांवर आपला जीव, म्हणून मुद्दाम लिहिले). संगणकाने हजेरी देऊन यादी सादर करावयाची. आमचा मात्र मौन धरून बसला, कारण त्याच्या देवडीवर फायरवॉल नावाचा जो पहारेकरी असतो, त्याने दवंडीवाल्यास आत येऊच दिले नाही. पहारेकऱ्याला परवाना दिल्यावर यादी आली. पण लग्नाच्या नावापुढे शेरा होता, की हे येथे चालावयाचे नाही.

कारण ऐकून आपणांस आपल्या जुन्या टेबलापाशी बसल्यासारखे वाटेल. स्टुडिओवाल्याने चित्रण ज्या एच.२६४ पद्धतीने दाबून बसवले आहे, ती प्लेस्टेशनला उत्तम वाचता येते. परंतु ते ज्या एमकेव्ही नामक वेष्टनात बांधले आहे, ते वेष्टन त्याच्या मान्य नमुन्यांत बसत नाही. मजकूर बिनचूक, लखोटा नामंजूर! असे किती अर्ज आपण स्वतः परत केले असतील, ते आपणच जाणे. यावर तोड अशी, की पीएस३ मीडिया सर्व्हर नावाचा, फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकावर कारकून म्हणून नेमावा. तीच चित्रे जुन्या वेष्टनातून काढून, चालत्या कामातच मान्य वेष्टनात बांधून, तो ती बैठकीकडे रवाना करत राहतो; आणि क्वचित मजकूरच साहेबांना वाचता येत नसला, तर तो सबंध नव्याने लिहूनही देतो, मात्र तेव्हा संगणक घामाघूम होतो.

इतके झाल्यावर चित्र हलले. तथापि या इमारतीच्या भिंती जुन्या काळच्या, हातभर जाड. त्यांतून बिनतारी लहरी मोठ्या मुश्किलीने येतात, आणि आमच्या लहरी व स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास नांदतात. सौ.ने दूध तापत ठेवले मात्र, आणि चित्र गोठले ते नेमके मांडवामागे, जिलबीच्या कढईपाशी, आपण आचाऱ्यावर झारा उगारलेला असताना. दूध तापेपर्यंत आपण तसेच उभे होतात. "आजोबा त्या काकांना मारणार आहेत का?" असे नातवाने विचारले, मी म्हणालो, यंत्र ठरवील. अखेर मागच्या खोलीपासून बैठकीपर्यंत, गालिच्याखालून, पिवळी तार ओढली. तिला सौ. रोज अडखळते व मजकडे पाहते, पण दूध आणि लग्न दोन्ही आता निर्वेध चालतात.

एक उणीव राहिली. वेष्टन बदलण्याचे काम तिकडे चालू असतानाच आपण इकडे पाहत असल्यामुळे, जो भाग अद्याप बांधलाच गेला नाही तेथे उडी मारून पोचता येत नाही. परिणामी आत्याने स्वतः रचलेली व स्वतःच म्हटलेली मंगलाष्टके आम्ही एकही न गाळता ऐकली. आमच्या वरच्या मजल्यावरील जर्मन आजीबाईंनीही ती ऐकली असावीत, कारण जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी, घरी सर्व कुशल आहे ना, असे मोठ्या आपुलकीने विचारले.

तरी विनंती अशी, की मुंजीची फीत स्टुडिओत द्याल तेव्हा फाइली एमपी४च्या वेष्टनात आणि प्रत्येकी चार जीबीच्या आत मागून घ्याव्यात. आचाऱ्याशी नेमका काय वाद झाला होता तेही सविस्तर लिहावे. नातवाने त्याचा पिच्छा पुरवला आहे. ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. मंगलाष्टके फार आवडली, एवढेच आत्यास कळवावे. वरील परिच्छेद तिला वाचून दाखवू नये.

आशीर्वाद असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा