संपावरचे तात्या

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले एक गृहस्थ १८ जानेवारी १९८२ पासून संपावर आहेत. तळमजल्यावरचे तात्या. मुंबईच्या कापडगिरण्यांचा तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, हा त्यांचा मुद्दा, आणि तो खोडून काढणं कठीण आहे. अडीच लाख कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पुढे गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, १९९७ साली खुद्द डॉक्टरांची हत्या झाली. पण ‘चला, संप मिटला’ असं सांगायला कुणी आलं नाही. त्यामुळे काकूंनी कोथिंबीर आणायला सांगितली की तात्या चष्मा पुसत विचारतात, "संप मिटलो काय?"

गंमत म्हणजे या संपकऱ्याइतकी कामं आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणी केलेली नाहीत. दादरला भाजी विकली, लालबागला मिरच्यांची पोती उचलली, वडापावची गाडी लावली, रात्रपाळीत वॉचमन झाले. यातल्या एकालाही ते नोकरी म्हणत नाहीत. सगळं टेम्परवारी. नोकरी एकच, गिरणीच्या साचाखात्यातली, म्हणजे मागांवरची, आणि तिथून त्यांनी राजीनामा दिलेला नाही.

असे तात्या डोंबिवलीपासून नालासोपाऱ्यापर्यंत पसरलेले आहेत. ओळखायची खूण आवाज. तरुणपण साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे ते कानात गुपित सांगतात तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. आणि उलट, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दोन बायका कुजबुजत असल्या तर तात्यांना इथे बसून कळतं. खात्यात कानाचा उपयोग नव्हता, ओठ वाचूनच संसार चालायचा. सोसायटीची कमिटी हल्ली तोंडावर हात धरून बोलते.

बालपणाचा विषय काढला तर तात्या लवकर आटपतात. पेज पातळ होती आणि मास्तरांची छडी जाड. सोळाव्या वर्षी विजयदुर्गला पडावातून बोटीत चढले, भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकत आले आणि गावकीच्या खोलीत दाखल झाले. पहिली पाळी उठून गेली की रात्रपाळीवाले त्याच जागेवर आडवे. "आंथरूण कधी थंड म्हणून नाय," ते अभिमानाने सांगतात. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. आधी बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि कुणीतरी आजारी पडावं म्हणून देवाला साकडं घालायचं. तात्यांची देवावरची श्रद्धा त्या काळातली आहे.

प्रेमाचं मात्र ते तब्येतीत सांगतात. काकू वाइंडिंग खात्यातल्या, मूळच्या साताऱ्याच्या. साच्यांच्या गोंगाटात, दोन खात्यांमधल्या दाराच्या या बाजूने तात्यांनी नुसते ओठ हलवून मागणी घातली आणि काकूंनी मान डोलावली. इथवर तात्यांची आवृत्ती. काकूंचं म्हणणं वेगळं. "मला वाटलं, कांड्या संपल्या म्हन्तोय. व्हय म्हटलं, अन् बसले अडकून." साताऱ्याकडचे लोक ‘कोकण्याला पोरगी?’ म्हणून वर्षभर रुसले होते. संपात घरातलं सोनं गेलं तेव्हा चार घरची पोळीभाजी करून चूल पेटती ठेवली ती याच काकूंनी. हा भाग सांगताना तात्यांचा आवाज पहिल्यांदाच बेताचा होतो, मग ते विषय बदलून फॅनला शिव्या देतात.

त्यांच्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे. नातवाने एकदा नेलं. तात्यांनी सरकत्या जिन्यासमोर उभं राहून जाहीर केलं, "हयसर माझो साचो होतो!" अख्खा मजला थांबला. मग एका शर्टाचं कापड त्यांनी दोन बोटांत चुरगळलं, सुताचा काउंट सांगितला, किमतीची चिठ्ठी वाचली आणि मालकाला बोलवा म्हणाले. मालकाऐवजी गार्ड आला. जौनपूरचा पोरगा. तात्यांनी त्यालाच बाकावर बसवून घेतलं. केव्हा आलास, खोलीत किती जण, खानावळ कुणाची, पाळी किती तासांची, बोनस मिळतो का? त्यांचं हिंदी त्याला अर्धंच कळत होतं, पण बोनसचा शब्द नीट पोचला.

तेव्हापासून नातवाबरोबर तात्या मॉलच्या दाराशी दिसले की सुपरवायझर स्वतः पुढे येतो, आदराने नमस्कार करतो आणि गार्डाला पार्किंगमध्ये पाठवतो.