खाली काय हाय?

(वसमतच्या मोंढ्यासमोरचं हॉटेल. एका टेबलावर लॅपटॉप, शेजारी नारळ. दोघांचाही धंदा जमिनीखालचा.)

पाणाड्या : साहेब, पडद्यावर ह्यो रंगीत फुगा कशाचा?

मॉडेलवाला : जमिनीत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, काका. खडकाचे ठोकळे पाडायचे, प्रत्येकाला दाब, तापमान, सच्छिद्रता द्यायची. वायू कुठून कुठं झिरपेल ते कंप्युटर मोजतो. हे बघा, पन्नास वर्षांनंतरचं.

पाणाड्या : पन्नास! तुमचं बरं हाय. मला बोअरची गाडी उभी असतानाच तोंड दाखवावं लागतं.

मॉडेलवाला : थापा नाहीत या. नॉर्वेत स्लाइपनरला 1996 पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात वायू सोडतायत.

पाणाड्या : अन् गेला का कंप्युटरनं सांगितल्या वाटेनं?

मॉडेलवाला : सगळ्यात वरच्या थरात... जरा लवकरच उत्तरेकडं सरकला. मग मॉडेल दुरुस्त केलं.

पाणाड्या : मी बी तसंच करतो. कोरडं गेलं की म्हनतो, चार हात पूर्वेला घ्यायला पाहिजे होतं. पण हिकडं कामून आलाव?

मॉडेलवाला : तुमच्या काळ्या पाषाणासाठी. आइसलँडात 2012 साली असल्याच खडकात, पाण्यात विरघळवून वायू सोडला. दोन वर्षांत 95 टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला.

पाणाड्या : दगडं काय, लई हायेत आपल्याकडं. पानी किती लागतं?

मॉडेलवाला : टनभर वायूला पंचवीसेक टन.

पाणाड्या : हळू बोला! मागं बसलेले कॅनलच्या पाळीवरून भांडून आलेत. ऐकलं तर लॅपटॉपसकट तुम्हालाच खाली सोडतील.

मॉडेलवाला : बिनपाण्यानंही होतं. अमेरिकेत वालुलाला 2013 मध्ये हजारेक टन सोडला. फक्त 800 मीटरच्या खाली जावं लागतं, म्हणजे दाबानं वायू द्रवासारखा दाट राहतो.

पाणाड्या : हितं काळा पाषाण तेवढा जाड हाय?

मॉडेलवाला : मॉडेलमध्ये हजार मीटर धरलाय.

पाणाड्या : धरलाय? किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं, तवा 338 मीटरला काळा संपला. नांदेडाच्या पल्याड देगलूरकडं तर ग्रॅनाइट उघडाच पडलाय. अन् तुम्ही हितं हजार धरता! मी नारळ धरतो, लोक मला हसतात.

मॉडेलवाला : (हजार खोडत) बोअर घेतल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही, हे खरं.

पाणाड्या : मंग घ्या की.

मॉडेलवाला : सध्या पैसे फक्त सॉफ्टवेअरला मंजूर आहेत.

पाणाड्या : बरं, पांगरा शिंदेला जमिनीतून आवाज येतात, 2024 च्या जुलैत जिल्ह्यात 4.5 चा धक्का बसला. ते कोनत्या ठोकळ्यात भरलं?

मॉडेलवाला : भेगा अजून घातल्या नाहीत. त्या घातल्या की मॉडेल फार हळू चालतं.

पाणाड्या : (पडद्यावर बोट ठेवून) आन् ह्यो फुगा हिथून हिथं, किती सरकला?

मॉडेलवाला : दोन किलोमीटर.

पाणाड्या : म्हंजे माझ्या रानातून निघून भावकीच्या रानात. कंप्युटरात बांध दाखवलाय का?

मॉडेलवाला : बांध? काका, हे 800 मीटर खाली आहे.

पाणाड्या : वर हातभर बांध कोरला म्हनून आमची पंधरा वर्षं कोर्टात तारीख चालू हाय. खालून माझा वायू त्यांच्याकडं गेला आन् मोबदला त्येंनी उचलला, तर? ठोकळे ऱ्हाऊ द्या साहेब, आधी तलाठ्याला बोलवा.