बिनभोकाच्या कपाच्या शिल्पकारास

श्रीयुत शिल्पकार महोदय यांस,
स. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही. कपाच्या बुडाशी आपला नाव-पत्ता छापावा असं आपल्याला वाटलेलं नाही, आणि तिथे एखादं भोक पाडावं असंही वाटलेलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत वाचून दाखवावं लागतंय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्वी वाण म्हणून स्टीलची वाटी मिळायची, नाहीतर चहाची गाळणी. गाळणीला निदान भोकं असत. आता आमच्या सोसायटीतल्या बायका आपल्याकडे एकगठ्ठा ऑर्डर देतात आणि चिनी मातीच्या कपातली सक्युलंट लुटतात. माझ्या वाट्याला आली ती एचेव्हेरिया: निळसर राखाडी, मांसल पानांची, एकावर एक रचलेली. मातीवर पांढरेशुभ्र खडे आणि कपाला बांधलेली सोनेरी दोऱ्याची चिठ्ठी: ‘इनडोअर प्लांट. लकी. रोज दोन चमचे पाणी.’

एवढ्याशा चिठ्ठीत तीन थापा बसवायला प्रतिभा लागते. लकीपणाचं आपण सोडून देऊ. ते निदान झाडाला तरी लागू पडलेलं नाही.

एचेव्हेरियाचं माहेर मुख्यतः मेक्सिको. तिथल्या खडकाळ उतारांवर लख्ख उजेड, मुळाशी पाणी थांबायला जागा नाही आणि रात्री गार. या प्रजातीला हे नाव 1828 साली द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलं, अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकाराच्या नावावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो संशोधकांच्या मोहिमेबरोबर हिंडून तिथली झाडं रंगवत होता. रंगाची आवड आपल्यालाही आहे म्हणा. फरक इतकाच, की त्यानं कागदावर रंगवली आणि आपण थेट झाडावरच निळा-गुलाबी स्प्रे मारता. रंगाखाली पानाला उजेड कसा मिळणार, हा प्रश्न चित्रकारानं का सोडवावा?

तर असं हे उन्हातलं झाड आपल्या चिठ्ठीच्या भरवशावर घरोघरी टीव्हीशेजारी जाऊन बसलं. होळीपर्यंत सगळ्यांच्या झाडांनी माना काढल्या. जवळजवळ बसलेली पानं लांब लांब झाली, खालची लोंबली, खोड खिडकीकडे कललं. उजेड एकाच बाजूनं आला की ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक अंधारातल्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि झाड उजेडाकडे वाकतं. ‘अगं, किती छान वाढलंय!’ असं म्हणून शेजारणींनी एकमेकींचं कौतुक केलं. उपाशी माणसाची मान बारीक दिसायला लागली, तर ‘उंच झालास हो’ असं कुणी म्हणत नाही. आपल्या कृपेनं झाडांच्या बाबतीत म्हणतात. एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखडत नाही. घाबरून एकदम भर उन्हात ठेवावं तर पानं भाजतात, आणि त्या पानांवरचे डाग कायमचे. उन्हाची सवय हळूहळू, सकाळच्या कोवळ्या उन्हापासून लावावी लागते. पण एवढा मजकूर सोनेरी दोऱ्याच्या चिठ्ठीत मावत नसावा.

आता ते दोन चमचे. या झाडांची पर्णरंध्रं बहुतेक रात्री उघडतात. तेव्हा कर्बवायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवायचा, आणि दिवसा दारं लावून घेऊन त्याच्यावर काम चालवायचं, म्हणजे पाणी उडून जात नाही. पानांत पाण्याचा साठा असतोच. इतका काटकसरीचा संसार करणाऱ्या झाडाला आपण रोजचा रतीब लावून दिलात, आणि तोही अशा भांड्यात, जिथून थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही. तळाशी खडी घातली आहे असा आपला युक्तिवाद असेल. बारीक मातीतलं पाणी माती पुरती भिजल्याशिवाय खडीत उतरत नाही, त्यामुळे आपल्या खडीनं चिखल फक्त दोन बोटं वर उचलला आणि मुळांच्या तोंडाशी आणून ठेवला.

वरचे खडे मात्र मी विसरणार नाही. ते हलू नयेत म्हणून आपण डिंक ओतलात! स्क्रूड्रायव्हरनं उचकटताना अख्खी चकती निघाली. माती ओली आहे की कोरडी, हे बोट घालून पाहण्याची सोयच नको, म्हणजे तक्रारही नको. आत माती म्हणून निव्वळ कोकोपीट, आणि मुळांभोवती रोपवाटिकेतली जाळी तशीच आवळलेली. कॅक्टसच्या डोक्यावर गरम गोंदानं सुकी फुलं चिकटवून ‘फुलावर आलेला कॅक्टस’ विकणारे आपणच का हो? हात ओळखीचा वाटला.

असो. आपल्या धंद्याला अपायकारक अशी काही माहिती आता देते. होळीच्या सुमारास मी स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं एचेव्हेरियाचं मुंडकं छाटलं, दोन बोटं देठ ठेवून. (हे उद्योग भर पावसाळ्यात करू नयेत, ओल्या हवेत काप सडतो.) पाच-सहा दिवस सावलीत ठेवल्यावर कापावर खपली धरली, मग ते कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवलं. विटांचा चुरा आणि धूळ चाळून काढलेली जाड वाळू मिळून दोन भाग, गांडूळखत एक भाग. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही. या काळात झाड जरा सुरकुततं, तेव्हा हात शिवशिवतात, पण झारी लांबच ठेवायची. मुळं धरल्यावर पाणी द्यायचं ते भोकातून वाहीपर्यंत, आणि पुन्हा माती पार वाळल्यावरच.

उरलेलं ठेंगणं खोड जाळीतून सोडवून मातीच्या कुंडीत लावलं, त्याला बगलेतून नवे कोंब आले. खालची पानं डावी-उजवीकडे हलवत बुडासकट काढली. बूड तुटलं तर ते पान वाया. शाळेत वहीत ठेवलेल्या पानफुटीला कडेच्या खाचांतून रोपं फुटायची, हिला बुडाशी फुटतात. काही पानांना नुसती मुळं आली, काहींना नुसतं रोप, काही निमूटपणे वाळली. जुनं पान पूर्ण सुकेपर्यंत ओढायचं नाही, कारण पिल्लू त्याच्यावरच जगत असतं. ही सगळी पिल्लं मी संक्रांतीच्या उरलेल्या सुगडांत लावली आहेत. सुगड रात्रभर पाण्यात भिजवून खिळ्यानं बेतानं टोकरलं की भोक पडतं. फुटतात अधूनमधून, पण ती काय, कुंभाराकडे मिळतात.

आपला कपही मी फेकलेला नाही. टाइलला भोक पाडायचं ड्रिल मिळतं. कप उपडा धरून, वर थोडं पाणी सोडत, न दाबता चालवलं की बुडाला गोल भोक पडतं. हे आपल्या कारखान्यात, माती ओली असताना, एका बोटाचं काम आहे. आता आपण म्हणाल, मग टीव्हीच्या कपाटावर पाणी सांडेल. सांडेल ना. म्हणूनच कपाखाली बशी द्या आणि बशीचे पैसे वेगळे लावा. चिनी मातीची, सोनेरी काठाची, हवी तर लकी म्हणून विका. घेऊ आम्ही.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, भोक असावे, ही विनंती.

आपली,
एक वाणवाली