दार क्रमांक ३३८९ : घरच्या कॉम्प्युटरास अनावृत पत्र

रा. रा. घरचा कॉम्प्युटर,
मुक्काम जे. पी. नगर, बेंगळुरू, दिवाणखान्यातलं टेबल, खालचा कप्पा, यूपीएसशेजारी, यांस

स. न. वि. वि.

आपली तब्येत ठणठणीत असल्याचं कळतं. पंखा फिरतो, निळा दिवा लुकलुकतो आणि मालकांना आत न घेण्याचा आपला बाणा गेला आठवडाभर तसूभरही ढळलेला नाही. त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करावं, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आपले मालक मूळचे सांगलीचे, नोकरीला व्हाइटफील्डात. सोमवारी सिल्क बोर्डाचा चौक आणि मारतहळ्ळीची रांग पार करून ते ऑफिसात टेकले तेव्हा त्यांना आठवलं, की अपार्टमेंटच्या देखभालखर्चाची एक्सेल फाइल आपल्या पोटात राहिली आहे आणि संध्याकाळी सातला असोसिएशनची बैठक आहे. परत जायचं तर पुन्हा तोच चौक. त्यापेक्षा तिथूनच आपल्यात शिरावं, असं त्यांनी ठरवलं. ऑफिसच्या नेटवर्कात असल्या वाटा बंद, म्हणून स्वतःचा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला.

शहर कोणतं, हेही ध्यानात घ्या. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने इथे केंद्र थाटलं आणि उपग्रहाच्या दुव्यावरून परदेशाशी काम सुरू केलं. तेव्हापासून सातासमुद्रापलीकडची यंत्रं इथे बसून हलवण्यावर या शहराची चूल पेटते. त्याही आधी, १६३८ नंतर, शहाजीराजे याच गावी मुक्काम ठेवून पुण्याची जहागीर सांभाळत. मध्ये आठशे किलोमीटर, हाताशी घोडे आणि जासूद. पुण्याच्या कारभाऱ्याने त्यांना ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं उत्तर धाडल्याची नोंद नाही.

सोमवारचं आपलं कारण बिनतोड होतं. आपल्यात विंडोजची ‘होम’ आवृत्ती होती. या होमला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात डोकवायची मुभा आहे, स्वतःच्या घरी मात्र कुणाला घ्यायची नाही. रिमोट डेस्कटॉपचं यजमानपद ‘प्रो’ आणि त्यावरच्या आवृत्त्यांकडे. मालकांनी रात्री पैसे भरून आपल्याला प्रो केलं आणि सेटिंग्जमधला रिमोट डेस्कटॉपचा खटका चालू केला.

मंगळवारी आपण झोपला होतात.

या झोपेवर तोडगा आहे, ‘वेक ऑन लॅन’. नेटवर्कवरून १०२ बाइटचं एक पाकीट सोडायचं. त्यात आधी सहा ठरावीक बाइट आणि मग ज्याला उठवायचं त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, ओळीने सोळा वेळा. शाळेच्या दिवशी आई पोराला हाक मारते तशी. पण ही हाक साधारणपणे घरातल्या घरातच ऐकू जाते. व्हाइटफील्डातून मारली तर राउटरच्या उंबऱ्यावर विरते. रात्री मालकांनी आपली झोपच कायमची बंद केली.

बुधवारी त्यांनी पत्ता टाकला १९२.१६८.१.७. हा पत्ता आपलाच, शंका नाही. फक्त असला पत्ता खाजगी वापराचा असतो आणि गल्लीगल्लीत तोच वापरात असतो. रिक्षावाल्याला ‘दुसरा मजला, डावीकडचा ब्लॉक’ एवढंच सांगून गप्प बसण्यापैकी ते झालं. म्हणून रात्री त्यांनी राउटरला बजावलं, की ३३८९ क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर थेट याच्याकडे धाड. रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार तेच.

ते दार चव्हाट्यावर उघडं टाकणं किती महागात पडतं, हे आपण जाणताच. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचं भगदाड जुन्या विंडोजच्या याच सेवेत सापडलं. पासवर्ड न देता आत शिरता येईल असं. ते इतकं घातक होतं, की २०१४ सालीच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला डागडुजी पाठवावी लागली. मालकांच्या दाराला हा धोका नव्हता. बाहेरून कुणी त्या दारापर्यंत पोचतच नव्हतं.

गुरुवारी ते का, याचा उलगडा झाला. बाहेरच्या जगाला आपला पत्ता कोणता दिसतो, हे त्यांनी आदल्या रात्री तपासलं होतं. राउटरच्या पानावरचा पत्ता मात्र वेगळा, १००.७२ ने सुरू होणारा. गोम इथे आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. मग एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली गेली. कंपनी त्यातला एकेक पत्ता गिऱ्हाइकाला देते आणि शेकडो गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा पत्ता एकच.

मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर एकच वॉचमन बसवावा तसा हा कारभार. फ्लॅटमधून कोण बाहेर गेलं, हे तो वहीत लिहितो आणि त्याच्या मागून येणारं पार्सल बरोबर त्याच फ्लॅटला पोचवतो. पण कुणी आपणहून आला आणि नुसतं कॉम्प्लेक्सचं नाव सांगू लागला, तर वॉचमन त्याला कुठे पाठवणार? राउटरवर मालकांनी लावलेली सूचना ही फ्लॅटच्या दारावरची पाटी. गेटवर ती कोण वाचतो?

मदतकेंद्रावरच्या मुलाने आधी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. स्थिर पत्त्याचे दरमहा वेगळे पैसे पडतील, हे नंतर. आणि शेवटी या शहराचा तारकमंत्र: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, सर.’

मालकांनी अ‍ॅडजस्ट केलं. क्रोम रिमोट डेस्कटॉप काय, टेलस्केल काय, सगळ्यांची युक्ती एकच: बाहेरच्याने आत यायची वाट न बघता आतल्यानेच आधी बाहेर हाक घालायची, म्हणजे वॉचमनच्या वहीत नोंद होते. रात्री त्यांनी आपल्यावर आणि लॅपटॉपवर टेलस्केल चढवलं, राउटरवरची ती पाटी काढून टाकली.

शुक्रवारी दार सापडलं, तर आपण किल्ली मागितलीत. मालक चार आकडी पिन टाकत राहिले. हा पिन आपल्यासमोर बसणाऱ्यापुरता. लांबून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो दोन वर्षांत कुणी टाकलाच नव्हता. तो बदलून घेण्यात अर्धा तास गेला. तीन वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपवर आपला पडदा उमटला; मागे गणपतीपुळ्याचा फोटो, कोपऱ्यात ती एक्सेल फाइल. मालकांनी माउस फाइलवर नेला आणि जोडणी तुटली.

लांबून कुणी आत आलं, की समोरच्याला आपण कुलूप दाखवता, असा आपला शिरस्ता. मालकांच्या मातोश्री त्या वेळी आपल्यावर कीर्तन ऐकत होत्या. पडदा बंद झाला म्हणून त्यांनी शांतपणे पिन टाकला. एका वेळी एकच माणूस, या आपल्या नियमाने मालक बाहेर.

याच मातोश्रींना बुधवारी दुपारी बँकेच्या नावाने फोन आला होता. एक अ‍ॅप उतरवून घ्या आणि पडद्यावरचा नऊ आकडी कोड सांगा, म्हणे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन नेमक्या याच चालीबद्दल बँकांना सावध केलं होतं. कोड मिळाला की भामटा दोन मिनिटांत आत. त्याला ना प्रो आवृत्ती लागत, ना स्थिर पत्ता. मातोश्रींनी ‘दूध उतू जातंय’ म्हणून फोन ठेवला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये.

आपला नम्र,
एक शेजारी

ता. क. : असोसिएशनची बैठक सोमवारीच रीतसर पार पडली. मातोश्रींनी दुपारी आपल्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला होता. फोटो जरा तिरका, वर पंख्याचं प्रतिबिंब, पण लिफ्टच्या दुरुस्तीचा आकडा स्वच्छ वाचता येत होता.