आरव्हीतली गॅसगळती: नवशिक्यांसाठी, घरच्या तज्ज्ञांसह

अभिनंदन. अमेरिकेत एका घराचे हप्ते चालू असताना तुम्ही चाकं असलेलं दुसरं घर घेतलंत, तेही जुनं. यलोस्टोनचं ठरलंय, पुण्याहून आईबाबा आलेत, भाजणीचे डबे आत चढलेत. ट्रेलरच्या तोंडाशी उभी दिसते ती प्रोपेनची टाकी. साधी २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोंची; आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोंचा असतो. पण इथे त्यावर शेगडीखेरीज फ्रिज, गिझर आणि हीटरही चालतो. जितकी उपकरणं तितके जोड, आणि हे सगळं घर हायवेवरून तासन्‌तास हादरत जाणार. कुठला तरी जोड सैल पडणारच.

गळती शोधण्याचं पहिलं यंत्र म्हणजे आईचं नाक. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो भपकारा येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती फुकट आलेली नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्ससमधल्या न्यू लंडनच्या शाळेत जमिनीखालच्या पोकळीत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठला, ठिणगी पडली आणि जवळपास तीनशे जीव गेले. त्यानंतर टेक्ससने गॅसला वास घालण्याचा कायदा केला.

मराठी आरव्हीत मात्र एक जादा अडचण आहे. हिंगाचा वासही गंधकाच्याच संयुगांचा. त्यामुळे वास आला की घरात दोन पक्ष पडतात. चर्चा जरूर करा, पण बाहेर, लांब उभं राहून. आधी शेगडी विझवा, सगळ्यांना बाहेर काढा, टाकीची तोटी बंद करा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. हिंगाच्या डबीचं झाकण लागलंय का, ते नंतर बघता येईल. आतला दिवा किंवा पंखा चालू-बंद करू नका. बटणातली ठिणगीही पुरते.

एवढ्यात बाबा म्हणतील, "काडी ओढून बघ, लगेच कळेल." कळेल, यात शंका नाही. हवेत प्रोपेन साधारण २ ते साडेनऊ टक्के असला की तो पेट घेतो, आणि तुमच्या आरव्हीत नेमका किती टक्के आहे हे काडी पेटल्यावरच समजतं. ही परंपरा आपल्याला संपवायची आहे. तिच्याबरोबर आपण संपायचं नाही.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणून खाली बसतो. अलार्म घोट्याच्या उंचीवर असतो तो त्यामुळे, बसवणाऱ्याच्या आळसामुळे नव्हे. तो हेअरस्प्रेलाही कोकलतो. म्हणून त्याची वायर उपटणारे महाभाग असतात. तुमच्या आधीचा मालक त्यातला नव्हता ना, हे बघा. अलार्मचं आयुष्यही पाच-सात वर्षांचंच. मागे तारीख छापलेली असते.

खरा न्याय करतो साबण. भांड्यांचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. अमोनिया किंवा ब्लीच असलेलं काही नको, त्याने पितळ खराब होतं. वास पूर्ण विरला आणि सगळी उपकरणं बंद असली, की टाकी हळूहळू उघडा. झटक्यात उघडलीत तर जादा प्रवाह अडवणारी झडप बसते, शेगडी पेटत नाही आणि बाबा "गॅस संपला" असं जाहीर करतात. आता टाकीपासून सुरुवात करून एकेक जोड भिजवा आणि थांबा. फवाऱ्याचा फेस ओघळून जातो, त्याला भुलू नका. मग आट्यांच्या कडेला साबुदाण्याएवढा एक बुडबुडा उगवतो, फुगतो, फुटतो, आणि पुन्हा त्याच जागी दुसरा उगवतो. सापडली गळती. रबरी नळी वाकवूनही बघा; उन्हाने तडकलेली नळी सरळ असताना साळसूद दिसते.

आता दुरुस्ती, म्हणजे बाबांची बॅग. तीत एम-सील आहे, पांढरी टेफ्लॉन टेप आहे. दोन्ही परत बॅगेत. फ्लेअर जोडात धातू धातूवर बसून गॅस अडतो, तिथे टेप लावायचीच नसते. दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने बेताने आवळायचं. पाइपाच्या आट्यांना गॅससाठीची पिवळी टेप मिळते. टाकीवरची मोठी प्लॅस्टिकची चकती फक्त हाताने आवळायची. जुन्या पद्धतीचा पितळी जोड असेल तर आटे उलटे, म्हणजे तुम्ही जोर लावून सोडवताय असं वाटेल तेव्हा तो घट्ट होत असेल. नळी तडकली तर नवी आणा, रेग्युलेटर बिघडला तर नवा आणा. रेग्युलेटर उघडून "आत काय आहे ते बघू" हा मोह मिक्सरपुरता ठेवा.

आणि बुडबुडा कुठेच दिसला नाही, पण आई अजून नाक मुरडतेय? रेग्युलेटरपुढे दाब जेमतेम ११ इंच पाण्याइतका, म्हणजे अर्ध्या पीएसआयहूनही कमी असतो. फरशीखालच्या पाइपातली बारीक गळती साबणाच्या हाती लागत नाही. टाकी बंद ठेवून टेक्निशियनला बोलवा. तो दाबमापक लावून दाब टिकतो का ते बघेल. त्याची तासाची मजुरी ऐकून बाबा मनातल्या मनात रुपयांत हिशेब करतील. करू द्या, आणि पैसे मोजा.