बारा हजारांचे महाराज

यंदाच्या दिवाळीत आमच्या ओळखीतले बरेच जण राजवाड्याच्या हॉटेलात महाराज झाले. दोन रात्री, नाश्त्यासह. दारात तुतारी, डोक्याला फेटा, कपाळाला कुंकू आणि लगोलग आधार कार्डाची झेरॉक्स. साध्या खोलीचं एका रात्रीचं भाडं १२,००० रुपये. तळं दिसणारी खोली हवी तर भाव वेगळा.

हा बारा हजारांचा आकडा ऐकला की नगर हवेलीतल्या आम्हा गलोंडेकरांच्या पोटात दुखतं. १७७९च्या तहात मराठ्यांनी पोर्तुगीजांना, त्यांच्या पकडलेल्या जहाजाची भरपाई म्हणून, नगर हवेलीतल्या गावांचा वर्षाला बारा हजारांचा महसूल लावून दिला. महसुलामागोमाग गावंही गेली, ती सुटली १९५४ साली. तेव्हाचे बारा हजार आणि आताचे बारा हजार एक नव्हेत, हे आम्हालाही कळतं. पण हिशेब मांडायला कुणाच्या बापाचं काय जातं?

आज दादरा-नगर हवेलीत गावं बहात्तर. बारा हजार भागिले बहात्तर, म्हणजे गावामागे १६६ रुपये १० आणे ८ पै. आता राजवाड्याचं बिल याच चलनात वाचा. पाचशेची कॉफी: तीन गावं. सदऱ्याला इस्त्री: एक गाव. आंघोळीच्या टबात गुलाबाच्या पाकळ्या टाकून हव्या असतील तर अख्खा परगणा. साडेसात हजारांवरच्या खोलीला जीएसटी १८ टक्के, म्हणजे बारा हजारांवर २,१६०. नुसत्या करात तेरा गावं खलास. सहा-सात रुपये कमी पडतात, ते टिपेत धरू. गंमत अशी, की खऱ्या महाराजांचा तनखा करमुक्त होता! तसं घटनेतच लिहिलं होतं. १९७१च्या सव्विसाव्या दुरुस्तीने ते कलम गेलं, तनखेही गेले. राजेशाही संपली म्हणून ज्यांच्या आजोबांनी तेव्हा पेढे वाटले, ते नातू आता आपखुशीने तनखा पोचवायला जातात. तोही ईएमआयवर.

इथवर हसून घ्या. दारात फेटा बांधून उभा असलेला पोरगा कोण, हे कुणी विचारलंय? एखाद्या आदिवासी पाड्यावरचा असतो तो. आमच्या शेजारी तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ साली सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली, त्यापायी गोळ्या झेलल्या. आणि आज त्यांच्या पणतवंडांच्या वयाच्या पोराने कमरेत वाकून ‘पधारो हुकूम’ म्हणायचं. कुणाला? सोसायटीच्या खजिनदाराला! घरी रोज सकाळी कचऱ्याचा डबा स्वतः बाहेर ठेवणाऱ्या माणसाला! दोन रात्री कुणीतरी आपल्यापुढे वाकावं यासाठी हा रात्रीला बारा हजार मोजतो, आणि परत येऊन सांगतो काय, तर ‘स्टाफ फार नम्र आहे हो.’ नम्र नाही, पगारी आहे. मागे भिंतीवर वारली चित्र असतंच. महाराजांना भिंतीवरचा वारली चालतो, शेजारच्या सोफ्यावर बसलेला चालेल का, ते एकदा बघायला हवं.

गलोंड्यात राजवाडा नाही. तरी यायचं असेल त्यांनी खुशाल या. अंगणात बाज टाकून देऊ, नागलीची भाकर आणि चटणी मिळेल. फेटा आपापला आणावा. वाकून कुणी मुजरा करणार नाही, आणि सकाळी उठल्यावर बाज ज्याची त्याने उचलून ठेवायची.