घरच्या घरी जीपचं इंजिन बदला : फक्त एका रविवारात

साहित्य : ऐंशीच्या दशकातली एक महिंद्रा एमएम 540 जीप, त्याच जातीचं एक चालू इंजिन, चेन पुली, जॅक, लाकडी ठोकळे, पाने, जुनी बनियनं आणि एक मोकळा रविवार. रविवार कोणत्या महिन्यातला हे महत्त्वाचं नाही. काम संपेपर्यंत महिना बदललेला असतो.

इंजिन खरंच गेलंय का, ते आधी बघा. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. आतून न्हाणीतल्या बंबासारखा भकाभका धूर आला तर त्याला गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि घरात ‘मी तेव्हाच सांगत होते’. शहाणा माणूस इथेच थांबतो आणि गॅरेजात जाऊन इंजिन बांधून घेतो. पुढचा मजकूर उरलेल्यांसाठी.

जुन्या बाजारातलं इंजिन घेताना ‘एकदम सीलबंद, साहेब’ हे वाक्य ऐकू येईल. ते ऐकून घ्या आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन दोन फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला जोर लागला पाहिजे. तीनदाच लागला, तर चौथा सिलिंडर निवृत्त झालाय. या इंजिनाचं नाव एक्सडीपी 4.90. भारदस्त वाटतं, पण अर्थ सरळ आहे : 4 सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, एकूण 2112 सीसी. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या. आरसीवरचा नंबर बदलावा लागतो, आणि आरटीओत ‘घरीच केलं’ हे उत्तर चालत नाही.

आता पाने. इथे इतिहास आडवा येतो. महिंद्राने 1947 साली मुंबईत विलिजच्या जीपची जोडणी सुरू केली, त्यामुळे या गाडीच्या अंगाखांद्यावरचे बरेच बोल्ट अमेरिकन, म्हणजे इंचांतले. पोटातलं इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजोचं, म्हणजे मिलिमीटरांतलं. सासर-माहेरची मापं वेगळी. साडेचार सुताच्या नटाला 14 चा पाना जात नाही आणि 15 चा नट गोल करून ठेवतो. सहा सूत आणि 19 मिलिमीटर यांचं मात्र जमतं. फरक केसाएवढाही नाही. म्हणून 18-19 चा रिंग पाना जिवापाड जपा. दोन्ही घरांत त्याला मान आहे.

काढणं सोपं आहे. बॅटरीची वायर सोडा, पाणी आणि ऑइल काढा, बॉनेट बाजूला ठेवा. जीपवाल्यांचं भाग्य असं, की पुढची जाळी आणि रेडिएटर काढला की इंजिनाला समोरच्या दारानेच बाहेर पडता येतं. डिझेलचे पाइप, स्टार्टरच्या वायरी, सायलेन्सर, माउंटिंगचे नट सोडा. गिअरबॉक्सखाली जॅक लावायला विसरू नका. इंजिन गेल्यावर तो पोरका होऊन लोंबकळतो.

चेन पुली झाडाला टांगायचा मोह होईल. आंबा असला तरी मोह आवरा, आणि शेवग्याकडे तर बघूसुद्धा नका. बोअरचा पंप काढणाऱ्यांकडे लोखंडी तिकाटणं भाड्याने मिळतं, ते आणा. सिमेंटच्या चार गोण्या गळ्यात गळे घालून लोंबकळताहेत असं समजा आणि त्यांच्याखाली हात, पाय किंवा शेजाऱ्याचा मुलगा येऊ देऊ नका.

एवढं दुपारच्या जेवणापर्यंत होतं. माणूस खूश होतो, फोटो काढतो. खरं तर त्याने तोवर फक्त पसारा केलेला असतो. या कामात हाताला फारसं काम नसतं, असतं ते आठवणीला. कुठली वायर कुठे होती? हा आखूड बोल्ट कुणाचा? म्हणून प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून आकडा घाला आणि बोल्ट मिसळणाच्या डब्यात ठेवा. सात वाट्या, वर झाकण. मोहरीच्या जागी बेल हाउसिंगचे, हळदीच्या जागी माउंटिंगचे. डबा बाजारातून नवा आणावा. हे मी स्वतःला आधी सांगायला हवं होतं, असं आमच्या आईचं मत आहे.

बसवताना मात्र बघे जमतात. आमच्याकडे सकाळी दोन होते, संध्याकाळी नऊ. त्यांतले एक काका आयुष्यभर गारगोटी मार्गावर वडापची जीप चालवलेले. इंजिन शेवटच्या बोटभर अंतरावर अडलं, तेव्हा आठ जण म्हणाले, ‘बोल्ट लावून आवळा, आपोआप जातंय.’ असं कधीही करू नका. बेल हाउसिंगला चीर जाते. काका तेवढे विडी विझवून म्हणाले, ‘क्लच प्लेट मधोमध धरलीस का रं?’ धरली नव्हती. जुना गिअर शाफ्ट प्लेटमध्ये घालून ती मधोमध धरायची, मगच प्रेशर प्लेट आवळायची. नाहीतर शाफ्टच्या दात्यांना दार सापडत नाही. इंजिन पुन्हा बाहेर. तो रविवार तिथे संपला.

पुढच्या रविवारी प्लेट बसवली, गाडी गिअरमध्ये टाकली, पुली जराशी फिरवली आणि इंजिन खटकन आत गेलं. त्या आवाजासाठी माणसं हे धंदे करतात.

मग एअर काढा. डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबले की आवळा. मग इंजेक्टरच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर थोडा थोडा मारा. डिझेल यायला लागलं की तेही आवळा. तोंड लांब ठेवा. हीटर तापू द्या आणि चावी फिरवा. आमची तिसऱ्या झटक्याला पेटली, अख्खी गल्ली पांढऱ्या धुराने भरली आणि वरच्या मजल्यावरची धुतलेली चादर पुन्हा धुवावी लागली.

जीप आता उत्तम चालते. डबाही नवा आणून दिला. राहता राहिला तो 18-19 चा रिंग पाना. त्या संध्याकाळच्या नऊ जणांपैकी ज्यांच्या खिशात तो चुकून गेला असेल, त्यांनी तो अंगणातल्या तुळशीवृंदावनावर ठेवून जावा. कुणी काही विचारणार नाही.